‘जांग’चा अर्थ

बितुंग, ३ मार्च २००२

कांग इयुस यांस,

तुम्हा सुंदा लोकांत थोरल्या भावाला ‘कांग’ म्हणतात. तुमच्या भाषेतला मला येणारा हा एकच शब्द, तो पहिल्याच ओळीत खर्च केला. वयाने बहुधा मीच थोरला निघेन, पण ‘कावाह’ बँडचा गायक माझ्याहून लहान असेल हे मनाला पटत नाही.

मी नोवरी सुमोलांग. इथे बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात ट्यूना तोलतो. कॅसेटला हात लावायच्या आधी लिंबू चोळून तीनदा हात धुतो. बायको मेइस्के म्हणते, “माझा हात धरायच्या आधी एकदा तरी धुतले होतेस का रे?” तर असा मी. घरात हेवी मेटलच्या सहाशे कॅसेटी आहेत, आणि त्यातल्या दोन सोडून बाकी सगळ्या उद्या समुद्रात गेल्या तरी मी जेवण टाकणार नाही. त्या दोन तुमच्या.

‘कावाह’ने एकच कॅसेट काढली, तिच्या बावीसच प्रती निघाल्या, प्रत्येकीवर तुमच्या हातचा आकडा आहे. हे आमच्या मंडळींना पाढ्यासारखं पाठ असतं. माझ्याकडे नऊ नंबर होती. गेल्या महिन्यात मकासारच्या एका माणसाला माझी मोटरसायकल देऊन बावीस नंबर घेतली. सिमेंटच्या पिशवीच्या कागदात गुंडाळलेली, वर बाटिकचं काळं मेण, मेणावर तुमच्या अंगठ्याचा ठसा. अजून फोडलेली नाही! जगात न फोडलेली ही एकच. आता मी कारखान्यात चालत जातो आणि वाटेत हसत असतो.

दोन कामं आहेत. एक, ही प्रत खरी असल्याचं दोन ओळींत लिहून द्या. दुसरं म्हणजे, शेवटच्या गाण्यानंतर एक बाई कुजबुजते, त्याचा अर्थ सांगा. प्रत्येक प्रतीवर ती वेगळं काही बोलते म्हणतात. ‘जांग… जांग…’ तेवढं मात्र सगळीकडे आहे. आमच्या मनादोकडच्या बोलीत ‘जांग’ म्हणजे ‘नको’. कोणी म्हणतं मरणारी बाई गयावया करतेय, कोणी म्हणतं मंत्र आहे. मी ते चाळीस सेकंद हजारदा ऐकलेत आणि हजारदा अंगावर काटा आलाय. हे तुम्हाला सुचलं कसं?

तुमचा,
नोवरी


उजुंगबरुंग, बांडुंग
१९ मार्च २००२

नोवरी,

अस्सलामु अलैकुम. तुम्ही ख्रिस्ती असाल, तरी घ्या.

प्रत खरी आहे. ठसा माझाच आहे, उजव्या अंगठ्याला व्रण आहे तो बघून घ्या. हे पत्रच दाखला समजा.

बाईचं काही नाही. कोऱ्या कॅसेटी परवडत नव्हत्या, बाजारातून जुन्या उचलल्या आणि त्यांच्यावरच आमचं भरलं. शेवटी जुनं काहीतरी राहून गेलं. मंत्र वगैरे काही नाही. कोण बाई, मला माहीत नाही.

बँड मोडून नऊ वर्षं झाली. मी आता शर्टांवर चित्रं छापतो. घरी वडील आहेत, बहीण आहे. त्या दिवसांची पत्रं घरी आलेली त्यांना आवडत नाहीत, तेव्हा पुढे लिहिलंत तर पाकिटावर छापखान्याचा पत्ता घाला.

बावीस नंबर आहे तशीच ठेवा. फोडू नका.

नऊ नंबरवर नेमकं काय ऐकू येतं? जसं कानावर पडतं तसं लिहून पाठवा. सहज विचारतोय.

इयुस


बितुंग, २ एप्रिल २००२

कांग इयुस,

सहज विचारणारा माणूस पाकिटावर घाईच्या टपालाचं तिकीट चिकटवत नाही. असो, मला काय! तुमचं पत्र मी चौकट करून लावणार आहे.

हे घ्या, माझ्या कानांनी जमलं तेवढं: “जांग… उलाह चेउरिक… नेंग… साम्पिंगान नेंग…” मग काहीतरी खुडबुड, भांडं पडल्यासारखी. मग “जांग” दोनदा, आणि कॅसेट संपते. बाई घाबरलेली आहे, एवढं कोणीही सांगेल. कोणाच्या तरी चोरून बोलतेय.

बाजारातल्या जुन्या कॅसेटी म्हणता, तर मग वेगवेगळ्या कॅसेटींवर एकाच बाईचा आवाज कसा? मी नऊ ऐकली आहे, पालूच्या मित्राची चार ऐकली आहे, कुचिंगच्या एकाने अकराची नक्कल पाठवली होती. तीच बाई. कांग, मी मासे तोलतो. डोळे मिटून हातात घेतला तरी मासा कालचा की परवाचा ते सांगतो. मला परवाचा देऊ नका.

आता बातमी. ओसाकाचा हिरोता म्हणून एक गृहस्थ जूनच्या पंधरा तारखेला इथे येतोय, खास बावीस नंबर बघायला. तिच्या बदल्यात तो त्याचं अख्खं कपाट द्यायला तयार आहे. आपल्या सगळ्या मुलखातल्या बँडांच्या पहिल्या कॅसेटी! अट एकच, मेण शाबूत हवं. मेइस्के म्हणते, कपाटाबरोबर तोही राहायला आला तर मी माहेरी जाईन.

नोवरी


उजुंगबरुंग, १४ एप्रिल २००२

नोवरी भाऊ,

मी खोटं लिहिलं होतं.

‘जांग’ म्हणजे नको नव्हे. ‘नको’ला आमचा शब्द ‘उलाह’. ‘जांग’ म्हणजे बाळा. आमच्याकडे आई मुलाला तशी हाक मारते. मुलीला ‘नेंग’. तुम्ही हजारदा ऐकलंत ते असं आहे: “बाळा, रडू नको. छकुलीजवळ राहा, छकुलीजवळ.” बाळ म्हणजे मी. छकुली म्हणजे माझी बहीण इमास, तेव्हा चार वर्षांची होती. आणि कुजबुजणारी आमची एमा, आमची आई.

ती अरबस्तानात घरकामाला गेली होती. लिहिता येत नव्हतं, म्हणून दीड-दोन महिन्यांनी एक कॅसेट भरून पाठवायची. मालकिणीला चोरून, स्वयंपाकघरात, म्हणून कुजबुज. पहिल्या बारा-तेरा मी ऐकल्या, इमासला मांडीवर घेऊन. मग आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं की तिने तिकडे दुसरा घरोबा केला. त्यानंतर ज्या आल्या त्या मी ऐकल्या नाहीत. डब्यात टाकत गेलो. एके दिवशी त्या यायच्या बंद झाल्या. तीही आली नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. बँडला कॅसेटी हव्या होत्या. डबा काढला आणि तिच्यावर माझं ओरडणं भरलं. बावीसच्या बावीस. तुम्ही विचारलंत, हे सुचलं कसं. असं सुचलं.

आकडे मी डब्यातल्या क्रमाने घातले. एक नंबर सर्वात जुनी. बावीस नंबर तिची शेवटची. ती कोणीच ऐकलेली नाही. तिने आम्हाला सोडलं तेव्हा शेवटी काय म्हणाली ते त्या टोकाला असेल तर असेल.

भाऊ, ती फोडा. फोडून ऐका आणि मला लिहा. मी हात जोडतो. इमासला यातलं काही माहीत नाही. कॅसेटी पुरात वाहून गेल्या असं तिला सांगितलंय.

इयुस


बितुंग, २९ एप्रिल २००२

कांग इयुस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडलो. दुसऱ्यांदा नाही रडलो, तेही सांगून टाकतो.

आमच्या या खुळात मी वीस वर्षं काढली. मेदानच्या एकाने मेलेल्या भावाची आठवण म्हणून माझ्याकडून एक कॅसेट मागून नेली होती. पत्रावर अश्रूंचे डाग होते. चार महिन्यांनी तीच कॅसेट एका डच माणसाच्या यादीत दिसली, आणि भाऊ लग्नात नाचताना कोणाला तरी भेटला. तेव्हापासून मी डागांवर बोट फिरवून बघतो.

मार्चमध्ये तुम्ही लिहिलंत, फोडू नका. ओसाकाच्या माणसाचं नाव मी लिहिलं आणि पुढच्याच पत्रात तुम्ही लिहिता, फोडा. एकदा मेण फुटलं की हिरोता आल्या पावली परत जाईल. मग फुटलेली बावीस नंबर माझ्याकडून काढून घेणं कोणालाही सोपं. असं मनात येतं. तुमच्याविषयी असं मनात येतं याची लाज वाटते, पण येतं.

आणि समजा सगळं खरं असलं, तर अकरा वर्षं मेणात बसलेली पट्टी आहे. यंत्राने एकदा चावली की संपलं. तुमच्या कॅसेटीची राखण मी तुमच्यापेक्षा चांगली केली आहे, कांग. हे लागेल तुम्हाला. लागू दे.

मी फोडणार नाही. निदान आज नाही.

नोवरी


उजुंगबरुंग, ११ मे २००२

नोवरी काका,

तुम्ही मला ओळखत नाही. मी इमास. छकुली.

तुम्ही रागाच्या भरात पाकिटावर छापखान्याऐवजी घरचा पत्ता घातलात. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. मी उघडलं. मग दादाच्या पेटीतली तुमची आधीची पत्रंही वाचली. त्याच्या पत्रात काय होतं ते तुमच्या उत्तरांवरून कळलं, आणि उरलेलं मी त्याच्याकडून वदवून घेतलं. तो सांगताना भिंतीकडे बघत होता.

दादा खोटारडा आहे, पण चोर नाही. तुमचा संशय तेवढा काढून टाका.

मी परिचारिकेचं शिकते आहे. माणसं काय सोसू शकतात आणि काय नाही, हे आम्हाला थोडं कळायला लागतं. एमाचा आवाज मला आठवत नाही. अठरा वर्षांची झाले, पण न्हाणीघरात एकटी असताना मी तो आठवून बघते, तर रेडिओवरच्या कोणत्या तरी बाईचा आठवतो. तुमच्याकडे तिचे चाळीस सेकंद आहेत, तुम्ही हजारदा ऐकलेत. मला तुमचा हेवा वाटला. मग राग आला. मग परत हेवा वाटला.

तरीही सांगते, बावीस नंबर फोडू नका. त्यात ती म्हणाली असेल की मला तुम्ही नकोत, तर मला ते ऐकायचं नाही. आणि ती त्याउलट काही म्हणाली असेल, तर दादा ते सहन करू शकणार नाही. त्याने ते स्वतःच्या हाताने डब्यात टाकलं होतं.  मी एमाचं नाव काढलं तर आबा उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जातात. दिवसातून पाचदा टाकतात हल्ली.

जपानच्या माणसाला देऊन टाका. दूर जाऊ दे.

तुमची,
इमास


बितुंग, ५ जून २००२

इयुस आणि इमास,

एकाने सांगायचं फोड, दुसरीने सांगायचं फोडू नको. तुमच्या घरचं भांडण माझ्या कपाटात येऊन बसलं.

तीन आठवडे मी ती काढून बघायचो आणि परत ठेवायचो. काल मेइस्केने ताट वाढता वाढता विचारलं, “आत काय आहे?”

म्हटलं, “माहीत नाही.”

“कोणाला माहीत आहे?”

“कोणालाच नाही.”

“म्हणजे त्या बाईने कोणाला तरी काही सांगितलं, आणि ते तू वरती कुलपात ठेवलंयस,” ती म्हणाली, “आणि याला तू आवड म्हणतोस.”

जेवण तसंच टाकून उठलो. हो, एका कॅसेटीपायी.

इमास पोरी, तुझं ऐकलं नाही, रागाव. भीती तुझी खरी आहे, पण ज्या बाईने चोरून, जीव मुठीत धरून निरोप धाडला, ती तुमच्याहून आधी रांगेत उभी आहे असं मला वाटलं.

यंत्र दोनदा पुसलं, मेणाखाली सुरी घातली. ठसा मधोमध चिरला. मेइस्केने माझं मनगट धरलं होतं. मग कॅसेट थोडी उन्हात धरून पट्टी सैल केली. तुमची गाणी मी ऐकली नाहीत, पहिल्यांदाच. सरळ शेवटाला गेलो. खरखर, मग “जांग”. मग काही मला न कळणारं, आणि त्यात एक शब्द, “चेंगकारेंग”. तेवढा कोणालाही कळतो, जकार्ताचा विमानतळ. तिथे मी थांबवलं. पुढे बरंच आहे. ते माझ्यासाठी नाही. नऊ नंबरचं हजारदा ऐकलं, त्याचीच शरम पुरे.

नक्कल काढली नाही. आणखी एकदा यंत्रात घालायची छाती झाली नाही. टपालावर विश्वास नाही, म्हणून माझा मेहुणा ज्या जहाजावर आचारी आहे त्याच्याबरोबर पाठवतोय. तो जकार्ताहून रेल्वेने स्वतः तुमच्या दारात येईल. मी धुरावलेली मासळीही दिली आहे. तो वाटेत ती खाईल, कॅसेट खाणार नाही.

हिरोताला तार केली. त्याने उलट तारेत एकच शब्द पाठवला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

नोवरी


उजुंगबरुंग, २१ जून २००२

नोवरी भाऊ,

तुमचा मेहुणा मंगळवारी आला. मासळी निम्मी पोचली. कॅसेट पूर्ण पोचली.

आम्ही दुपारच्या नमाजानंतर लावली. मला वाटलं होतं इमास बाहेर जाईल. ती यंत्राच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “लाव.” आबा खुर्चीत होते. उठले नाहीत.

आधी माझं ओरडणं. ते पूर्ण ऐकावं लागलं, पुढे ढकलायची भीती वाटत होती. सव्वीस मिनिटं मी माझ्या आईच्या तोंडावर ओरडतोय आणि आम्ही तिघं जमिनीकडे बघत बसलोय. मग ती आली. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहितो:

“जांग, एमा बोलतेय. काम सोडलं मी. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी सकाळी चेंगकारेंगला उतरते. माझ्याविषयी तिकडे काय काय उठलंय ते आपल्या शेजारणीने कळवलंय. मी भांडायला येत नाही. तू नेंगला घेऊन फाटकाशी ये. तुम्ही दिसलात की तुमच्यासंगं घरी येईन. नाही दिसलात तर समजेन, पोरांनाही मी नको झाले. मग दारात येऊन तमाशा नाही करणार, कामाला नेणाऱ्या दलालाच्या पुढच्या खेपेला परत जाईन. जांग, नेंगला जाड झगा घाल, पहाटे निघावं लागेल. जांग…” इथे कॅसेट संपते.

इमास ओक्साबोक्शी रडली नाही. तिने आपल्या दंडावरून हात फिरवला, जणू तो झगा घातला होता का ते बघत होती. मी म्हटलं, “कोणीच गेलं नाही. कोणीच नाही गेलं तिला आणायला.”

तेव्हा आबा म्हणाले, “मी गेलो होतो.”

कॅसेट आली त्या दिवशी मी बँडच्या तालमीला होतो. त्यांनी ती ऐकली, परत पाकिटात घातली आणि मला दिली. मी ऐकत नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या हाताने ती डब्यात जाताना त्यांनी बघितली. मग गुरुवारी ते एकटेच फाटकाशी गेले.

इमासने विचारलं, “काय सांगितलंत तिला?”

“तिने विचारलं, जांगने कॅसेट ऐकली का. मी म्हटलं, ऐकली. दोनदा ऐकली. म्हणाला, येत नाही.”

“का, आबा?”

 ते म्हणाले, “तेवढ्या कॅसेटीत तिने जांग म्हटलं, नेंग म्हटलं. माझं नाव एकदा तरी घ्यायचं होतं. एकदा. मी तिला घरी आणलं असतं.” आणि खुर्चीत बसून ते रडले. मला त्यांच्याजवळ जाववलं नाही. इमास गेली.

भाऊ, ती जिवंत आहे. तेव्हा फाटकावरूनच अरबस्तानात परत गेली, चार वर्षांपूर्वी कायमची आली. गारुतजवळ बहिणीकडे राहते, बाजारात भाजी विकते. हेही आबांना माहीत होतं. साठ-पासष्ट किलोमीटर, नोवरी भाऊ. मी शर्ट पोचवायला महिन्यातून दोनदा गारुतला जातो.

उद्या सकाळच्या बसने इमास आणि मी निघतोय. अकरा वर्षं ती असं धरून आहे की तिच्या मुलाने तिचं बोलणं दोनदा ऐकलं आणि तो आला नाही. मला जाऊन सांगायचंय की मी ऐकलंच नव्हतं. पण नुसतं तोंडाने सांगितलं तर कोणती आई मानेल? इतक्या वर्षांनी आलेला मुलगा असंच म्हणणार.

म्हणून तुमची बावीस नंबर सोबत नेतोय. तुमची मोटरसायकल गेली, जपान्याचं कपाट गेलं, आता हीही गेली असं समजा. परत येईल असं वचन देत नाही. तिच्यासमोर यंत्र ठेवून सुरुवातीपासून लावणार आहे. असा निरोप ऐकून कोणता मुलगा त्याच्यावर ओरडणं भरेल? तिच्या बोलण्यावर भरलेलं माझं ओरडणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं तरच तिला खात्री पटेल की मी ते ऐकलं नव्हतं.

इयुस